पट्टा काढून एक चक्कर

घरात कुणी "आता निवांत बसा" म्हणालं की माझ्या पायांना मुंग्या येतात. परवा शेजाऱ्याकडं पाहुणे आले. पाहुण्यानं गाडी भिंतीला लावताना जागच्या जागी स्टेअरिंग पुरतं फिरवलं आणि बॉनेटखालून कण्हल्यासारखा आवाज आला. मी जेवत होतो, तसाच ताटावरून उठलो. बायको म्हणाली, "जेवा की. गाडी तुमची न्हाई, पाहुणेबी तुमचे न्हाईत." खरं होतं. पण तो आवाज ऐकल्यावर मला घास उतरत नाही. एक तर तेल कमी असतं, नाही तर पट्टा सैल. दोन्हींतलं कोणतं, ते बघितल्याशिवाय चैन पडत नाही. पाहुण्याला बॉनेट उघडायला लावलं. तेल कमी होतं. परत येऊन जेवलो.

दिवाळी अंकवाल्यांनी विचारलं, "मिस्त्री, आयुष्यभर काय केलं ते लिहाल का?" मी म्हणालो, लोकांची स्टेअरिंगं हलकी केली. ते हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करून राह्यलो. पण मला सांगण्यासारखं त्याच्याएवढं दुसरं काही नाही.

जालना जिल्हा झाला त्या वर्षी मी जुन्या जालन्यातल्या एका गॅरेजात हाताखाली लागलो. पुढं रशीदभाई म्हणून एक कातारी होते, त्यांच्या लोखंड कातायच्या लेथला लागून स्वतःचं गॅरेज टाकलं. मी गाडीखाली आणि रशीदभाई लेथवर, अशी आमची जोडी. मला हवा असलेला तुकडा बाजारात मिळत नसला की रशीदभाई तो कातून द्यायचे आणि वर म्हणायचे, "पल्लादभाऊ, कंपनीच्या बापाला जमनार न्हाई असा बनवला."

आपल्या भागात तेव्हा जुन्या पेट्रोल जिपा फार. कुणी सरकारी लिलावात घेतलेल्या, कुणी चौथ्या हातून. पेट्रोलचा खर्चा झेपेना तसे लोक त्यांत डिझेल इंजिन बसवून घ्यायला लागले. नव्वदच्या पुढं भंगारात नव्या पद्धतीची इंजिनं येऊ लागली. अपघातात गाडी मागून चेपलेली, इंजिन मात्र कोरं करकरीत. असं इंजिन आणायचं आणि जुन्या जिपेच्या पोटात बसवायचं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, इंजिन बसलं, काम संपलं. आमचं काम तिथून सुरू व्हायचं. डिझेल इंजिन जड, आणि ते सगळं वजन पुढच्या चाकांवर. काल एका हातानं वळणारी जीप आज वळवायला ड्रायव्हरला सीटवरून अर्धं उठावं लागायचं. खड्ड्यात चाक गेलं की स्टेअरिंग असा झटका द्यायचं की अंगठा सुजायचा. पण त्या नव्या इंजिनांच्या कडेला एक छोटा पंप यायचा. सुरुवातीला आम्ही तो काढून कोपऱ्यात टाकत होतो. मग एक दिवस रशीदभाई म्हणाले, "ह्याला टाकून का देतो? हाच तर काम करनार हाये."

पॉवर स्टेअरिंग म्हणजे काय, हे मी गिऱ्हाइकाला असं सांगायचो: समजा तुमच्या मागं एक पहिलवान उभा केला. तुम्ही चाकाला नुसता हात लावायचा, जोर तो लावणार. पहिलवान म्हणजे पंपानं दाबलेलं तेल. पंप फिरतो इंजिनवर, पट्ट्यानं. पट्टा तुटला की पहिलवान निघून गेला. आणि तो नुसता जात नाही. जाताना तुमच्या वाटेत बसून जातो. कारण आता तुम्हाला चाकंही वळवायची आणि नळ्यांत अडकलेलं तेलही ढकलायचं. त्यात पॉवरचा बॉक्स, म्हणजे स्टेअरिंगच्या दांडीखालची गियरपेटी, थोड्या फेऱ्यांत चाक वळवतो, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला जोर जास्त. पट्टा नसलेलं पॉवर स्टेअरिंग साध्यापेक्षाही जड असतं. हे शेवटचं बरेच मिस्त्री सांगत नव्हते. मी सांगत होतो, त्यामुळं काही गिऱ्हाइकं माझ्याकडून उठून दुसरीकडं गेलीसुद्धा.

जी राहिली त्यांच्या तऱ्हा वेगळ्या. एका वकीलसाहेबांना स्टेअरिंग इतकं हलकं मिळालं की पहिल्याच दिवशी त्यांनी स्वतःच्या फाटकाचा खांब पाडला. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "मिस्त्री, थोडं जड करता येईल का?" एका जुन्या ड्रायव्हरनं तर आठवड्यानं जीप परत आणली. म्हणाला, "हाताला रस्ता लागंना. कुत्र्यावरून गेलो का दगडावरून, समजत न्हाई." मी त्याचा जुना बॉक्स परत बसवून दिला. तो म्हणतोय त्यात तथ्य होतं. जड स्टेअरिंग गाडीचं दुखणं हाताला सांगतं, हलकं स्टेअरिंग ते लपवतं.

पण जेव्हा जेव्हा एसटी स्टँडवरून जाफराबादची गाडी जाताना दिसते, तेव्हा मला आठवतात ते त्याच वाटेवरच्या टेंभुर्णीचे भानुदास मंडपवाले.

टेंभुर्णीत त्यांचं मंडप-बिछायतीचं दुकान होतं. बल्ल्या, कनाती, सतरंज्या, पातेली, ताटं. सगळं जीप आणि मागच्या ट्रॉलीत घालून गावोगावच्या लग्नांना पोचवायचं. जीप ते स्वतः चालवायचे. एका सुगीत ते भावाच्या रानात मदतीला गेल्ते आणि मळणी यंत्रात उजवा हात गेला. कोपराखाली चार बोटांएवढा राहिला, पुढं काही नाही.

माझ्याकडं आले ते बायकोला, सिंधूवहिनींना, आणि मेव्हण्याला घेऊन. जीप मेव्हणा चालवत होता. भानुदास डाव्या बाजूनं उतरले, दार जोरात लावलं आणि नमस्कार-चमत्कार न करता म्हणाले, "मिस्त्री, बाजूला बसून बसून येडा व्हायची पाळी आली. पायाखाली काही न्हाई तरी ब्रेक दाबून राह्यलो मी."

मेव्हणा ओशाळून हसला.

"डायवर ठेवून पाह्यले," ते म्हणाले. "एक यायचाच न्हाई. दुसरा लगनात जेवायला बसला की उठायचा न्हाई. ह्या मेव्हण्याला त्याची शेती हाये. मला माझी जीप चालवायची. इंजिन बदलायचंच हाये, त्याच्यासंगं ते हलकं स्टेअरिंग बसवा."

मी त्यांच्या बाहीकडं बघितलं. त्यांनी ती लगेच वर केली. "बघा की. लपवायचं काय त्यात?"

त्यांचा हिशेब त्यांनी मला समजावून सांगितला, आणि तो चुकीचा नव्हता. डावा हात शाबूत, म्हणजे गियर टाकता येतो. पण गियर टाकताना डावा हात स्टेअरिंगवरून काढावा लागतो आणि तेवढा वेळ चाक धरायला हा अर्धा हात. साध्या स्टेअरिंगचा झटका त्याला सोसत नाही. पॉवरचा झटका तेलातच मुरतो. म्हणून पॉवर पाहिजे. चर्मकाराकडून त्यांनी हातावर चढवायचं चामड्याचं टोपण शिवून आणलं होतं. ते टोपण बसेल अशी पितळी वाटी स्टेअरिंगच्या कडीवर पाहिजे होती.

"वाटी मी कातून देतो," रशीदभाई लगेच म्हणाले.

मी म्हणालो, "आन् पट्टा तुटला तर?"

"तुटला तर थांबवीन. ब्रेक पायाला हाये."

"उतारावर, मागं ट्रॉली, पुढं वळण. थांबेपर्यंत वळवणार कोण?"

त्यांनी बाही खाली ओढली. मग म्हणाले, "तुमी न्हाई म्हणायलेत का?"

मी नाहीच म्हणालो. त्यांचं लायसन्सही दोन्ही हात असतानाचं होतं. त्याचं काय करायचं हा प्रश्न वेगळाच. भानुदास बाहेर गेले आणि समोरच्या धान्याच्या दुकानापर्यंत येरझारा घालायला लागले. जायचे, परत यायचे, परत जायचे. मी दुसरं काम हातात घेतलं, पण पाना बराबर लागेना. सिंधूवहिनी बाकावर बसून होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, घरीबी असंच चालतेत हे. अंगणात. दिवसभर."

शेवटी रशीदभाईंनी मधला रस्ता काढला. "पल्लादभाऊ, बसवून तर बघू. मंग पट्टा काढून एक चक्कर मारू दे त्याला. वळली तर घेऊन जाऊ दे. न्हाई वळली तर मेव्हना घेऊन जाईल. सौदा बराबर?"

भानुदासांनी तिथंच मला शब्द दिला. मीही दिला.

ते काम मला कधी नव्हे इतकं छळून गेलं. नवीन इंजिन जिपेच्या पोटात बसलं, पण त्याच्या कडेनं स्टेअरिंगची दांडी जाईना. दांडी कापून वेल्डिंगनं वाकडी जोडणारे मिस्त्री होते. मी स्टेअरिंगच्या दांडीला वेल्डिंग कधी लावलं नाही. ते सुटलं तर माणूस गोल गोल फिरवत बसतो आणि गाडी तिच्या मनानं जाते. रशीदभाईंनी मध्ये एक सांधा बनवून दिला, तेव्हा दांडी इंजिनला वळसा घालून गेली. मग बॉक्स. जुन्या जिपेची चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, असल्या जोरासाठी केलेली नाही. बॉक्सच्या बोल्टापाशी ती चिरत जाते आणि चिरलेली दिसत नाही. तिथं जाड पत्रा दोन्ही बाजूंनी लावून घेतला. पंपाचं ब्रॅकेट तर वैरी निघालं. पहिलं थरथरून तुटलं. दुसरं तुटलं नाही, पण पुल्या एका रेषेत येईनात, पट्टा कडेनं खाल्ला जायचा. तेल भरलं तर त्याला फेस आला आणि पंप असा ओरडला की समोरच्या दुकानातले लोक बघायला आले. हवा काढून काढून मी वैतागलो. जेवायला घरी जायचो आणि अर्ध्या वाटेतून परत यायचो, कारण एखादा बोल्ट आवळला की नाही तेच आठवायचं नाही. आवळलेला असायचा.

मधून मधून सिंधूवहिनी एसटीनं यायच्या. भानुदासांना मी येऊ नका म्हणून सांगितलं होतं, त्यांच्या येरझाऱ्यांनी माझंच डोकं फिरायचं. वहिनी येऊन बघत बसायच्या. एकदा विचारलं, "हा पट्टा कशानं तुटतो?"

"जुना झाला की. तेल सांडलं त्याच्यावर की. खडा अडकला की. कधी कधी उगीच."

"उगीच?"

"उगीचबी तुटतो, वहिनी."

त्यांनी मान हलवली.

चक्कर मारायचा दिवस आला तेव्हा आम्ही गावाबाहेर एका मोकळ्या माळावर गेलो. आधी पट्ट्यासकट. भानुदासांनी चामड्याचं टोपण चढवलं, वाटीत बसवलं, डाव्या हातानं गियर टाकला आणि निघाले. मी बाजूला बसलेलो. काय सांगू! तो माणूस माळावर आठाचा आकडा काढायला लागला. मोठा, मग लहान, मग त्याहून लहान. तोंडानं हसतोय, आणि जीप धुरळ्यात कुत्र्याच्या पिलासारखी गरगर फिरतेय. मला उतरवून त्यांनी सिंधूवहिनींना बसवलं आणि परत तेच. रशीदभाई कमरेवर हात ठेवून म्हणाले, "देख लो. आता ह्याला न्हाई म्हनून दाखव."

मी बॉनेट उघडलं आणि पट्टा काढला.

भानुदास जीप सुरू करून निघाले. सरळ होते तोवर ठीक. मी हातानं इशारा केला, वळवा. त्यांनी डाव्या हातानं जोर लावला. चाक थोडं फिरलं, थांबलं. अर्धा हात वाटीतून निसटला. त्यांनी छाती स्टेअरिंगवर टाकली. जीप तिरपी तिरपी जात बांधाच्या दगडांवर चढली आणि बंद पडली.

ते खाली उतरले. आमच्याकडं न बघता माळावरून चालायला लागले. रस्ता सोडून, काटेकुटे तुडवत. हाक मारावी असंही वाटेना.

सिंधूवहिनी म्हणाल्या, "भाऊ, तसाच ठेवा. पट्टा लावू नका." त्या डाव्या सीटवर जाऊन बसल्या आणि तिथून मोठ्यानं ओरडल्या, "अवो! या हिकडं. मी धरते."

भानुदास परत आले. कपाळावर घाम, डोळे लाल. वहिनींनी दोन्ही हात स्टेअरिंगकडं लांब केले. पहिल्यांदा दोघांनी विरुद्ध बाजूला ओढलं. दुसऱ्यांदा भानुदास म्हणाले, "मी 'माझ्याकडं' म्हणलं की माझ्याकडं. 'तुझ्याकडं' म्हणलं की तुझ्याकडं." मग जीप वळली. हळू, पण वळली. "माझ्याकडं, माझ्याकडं, बस. आता तुझ्याकडं." अशी बोलत बोलत ती जीप एक मोठी चक्कर मारून माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"रोज बसणार का तुमी?" मी वहिनींना विचारलं.

"मी तर बसतेच की. भांडी मोजून द्यायला आन् मोजून घ्यायला कोण जातं?"

शब्द दिला होता, पण तो पट्टा काढून एकट्यानं वळवण्याचा होता. दोघांचं काही ठरलं नव्हतं. मी रशीदभाईंकडं बघितलं. ते आभाळाकडं बघत होते. मी पट्टा लावून दिला, वर एक जादाचा पट्टा सीटखाली ठेवला आणि जीप जाऊ दिली. वहिनी डावीकडं बसल्याशिवाय हलायचं नाही, असं दोघांकडून वदवून घेतलं.

त्या दिवसापासून माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. जाफराबादकडून एसटी आली की मी स्टँडवर जाऊन कंडक्टरला विचारायचो, मंडपवाल्याची जीप दिसली का. कंडक्टर कंटाळले. एक जण तर मला लांबूनच हात हलवायचा, म्हणजे दिसली, ठीक आहे. मी काही ना काही निमित्त काढून दोनदा टेंभुर्णीला जाऊन आलो, ब्रॅकेट बघून, बोल्ट बघून, चेसिसला बोट फिरवून आलो. सगळं ठीक होतं. त्यानं माझी घालमेल कमी व्हायच्या ऐवजी वाढली.

लग्नसराई भरात असताना एका सकाळी तोच कंडक्टर स्वतःहून गॅरेजात आला. "मिस्त्री, तुमची ती जीप. उताराला खाली रानात गेलेली दिसली. भांडी सगळ्या रानात."

"माणसं?"

"लोक जमलेले होते. बस थांबली न्हाई."

मी पान्यांची थैली आणि एक पट्टा उचलला. रशीदभाई मशीन बंद करून यायला निघाले, पण मी थांबलोच नाही. मिळाली त्या काळीपिवळी टॅक्सीच्या मागच्या फळीवर उभा राहिलो. ड्रायव्हर प्रत्येक गावाला गाडी भरत होता. मी त्याला चार शब्द ऐकवले, त्यानं मला आठ ऐकवले. वाटेत मला फक्त ती बांधावर चढलेली जीप दिसत होती. मी "नाही" म्हणालो होतो. मग "हो" का म्हणालो?

उतार संपतो तिथं ओढ्यावर छोटा पूल आहे आणि पुलाच्या अलीकडं रस्ता वळतो. जीप वळलीच नव्हती. सरळ रानात उतरली होती. नांगरून ठेवलेलं रान, त्यात पुढची चाकं रुतलेली. ट्रॉली आडवी. पातेली, पराती, ताटं लांबवर पसरलेली, आणि रानाचा मालक दोन गड्यांना घेऊन ती गोळा करतोय. आणि जिपेजवळ भानुदास आणि सिंधूवहिनी कडाकडा भांडत होते.

दोघं भांडतायत, म्हणजे धड आहेत. मी तिथंच ढेकळावर बसलो.

"मी वढ म्हणलं!" भानुदास.

"कुणीकडं वढ?" वहिनी. "माझ्याकडं का तुमच्याकडं? ठरलं काय होतं?"

"तेवढा टाइम होता का?"

"मंग मी माझ्याकडं वढलं!"

"आन् मी माझ्याकडं!"

दोघांनी जीव खाऊन दोन्हीकडं ओढलं, म्हणून चाक सरळच्या सरळ राहिलं आणि जीप नांगरटीत उतरून थांबली. एकानं दुसऱ्याचं ऐकलं असतं आणि अर्धवट वळली असती तर पुलाचा कठडा होता. वहिनींचा अंगठा सुजून टम्म झाला होता. भानुदासांच्या कपाळाला खोक पडली होती. बाकी काही नाही.

मी बॉनेट उघडलं. ब्रॅकेट शाबूत, पुल्या सरळ, नळ्या कोरड्या. तुटलेला पट्टा खाली पडलेला. हातात घेऊन उलटापालटा करून बघितला. रबर चांगलं होतं. खडा अडकला असेल. किंवा काहीच नसेल. आजही मला त्या पट्ट्याचं कारण माहीत नाही, आणि ते मला एखाद्या चुकीपेक्षा जास्त टोचतं. चूक असती तर सुधारली असती.

लग्न पुढच्याच गावात होतं. पंगती खोळंबल्या असत्या. रानमालकाच्या बैलांनी जीप ओढून काढली, मी नवा पट्टा चढवला आणि स्वतः स्टेअरिंगवर बसलो. भानुदास डावीकडं बसले. 

लग्नघरी भांडी उतरवून, मातीनं भरलेली ताटं धुऊन बायांनी पंगतीला दिली. आम्हाला बसा म्हणाले. मी बसलो नाही, जिपेखाली शिरून परत एकदा सगळं बघत होतो. तिथं मला वहिनींचे पाय दिसले.

"भाऊ, बाहेर या. मला शिकवा."

"काय?"

"जीप. अंगठा बरा झाला की. दोन्ही हात हायेत मला. हे रोज दोघांनी वढायचं खरं न्हाई."

मी बाहेर आलो. भानुदास जवळच उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. त्यांचा चेहरा मला वाचता येईना. मला वाटलं, आता हा माणूस परत चालायला लागणार, रस्ता सोडून कुठंतरी. त्यांनी अर्धा हात जिपेच्या बॉनेटवर ठेवला. इंजिन अजून गरम होतं, पण त्यांनी तो काढला नाही.

"मिस्त्री कशाला?" ते म्हणाले. "मी शिकवतो."

वहिनी शिकल्या. मी त्यांच्यासाठी पाठीमागं लाकडाचा पाट लावून दिला, पाय पोचेनात म्हणून. त्यांनी रीतसर लायसन्स काढलं. परीक्षेला गेल्या तेव्हा तिथल्या साहेबानं त्यांना म्हणे ट्रॉलीसकट जीप मागं घ्यायला लावली, गंमत म्हणून, आणि त्यांनी ती भिंतीला चिकटवून दाखवली. त्या भागात बाई जीप चालवते हे बघायला लोक काही दिवस रस्त्यावर यायचे. मग यायचे बंद झाले. जीप बंद पडायची तेव्हा त्या मला निरोप धाडायच्या नाहीत, स्वतः बॉनेट उघडायच्या.

मी कंडक्टरना विचारायचं बंद केलं. पण भानुदासांचा विचार डोक्यातून जाईना. त्या माणसाला मी जी गोष्ट देतो म्हणालो होतो ती हातात दिली आणि मग ती त्याच्या हातून गेली. रशीदभाई म्हणायचे, "तू दिली न्हाई, तू घेतली न्हाई. तू पट्टा लावला." पण रशीदभाईंना रात्री झोप लागते, मला लागत नाही. दोघांचे स्वभाव.

एक-दोन लग्नसराया गेल्या असतील. भानुदास एकटेच एसटीनं आले. जुन्या जालन्यात सतरंज्यांचं कापड घ्यायला आल्तो, म्हणाले. मी चहा मागवला. अंगानं थोडे भरले होते. येरझारा नाहीत, बाकावर टेकून बसले. इकडचं तिकडचं झालं. मग मला राहवेना. विचारलं, "जीप कशी चालते?"

"चांगली. ती सावकाश चालवती. माझ्यापेक्षा सावकाश. बरंच हाये ते, ताटं वाजत न्हाईत."

"आन् तुमी?"

त्यांनी कपातला चहा बशीत ओतला. 

"सकाळी," ते म्हणाले. "दिवस उगवायच्या आधी. आमच्या घरामागं रान हाये, कडेनं वाट हाये. त्या वाटेनं एक फेरा मारतो. एकटाच. रस्त्यावर न्हाई नेत. परत आणून जिथल्या तिथं लावतो."

"वहिनींना माहीत हाये?"

"ती झोपलेली असती."

"डिझेल इंजिनाचा आवाज ऐकूनबी झोपलेली असती?"

ते पहिल्यांदा हसले. "मिस्त्री, घरातल्या सगळ्या चाव्या ती कमरेला लावून झोपती. कपाटाची, दुकानाची, कोठीची. जिपेची तेवढी गाडीलाच असती. रोज."

मी म्हणालो, "आन् पट्टा?"

"तो ती आदल्या दिवशी बघून ठिवती," भानुदास म्हणाले, आणि बशी तोंडाला लावली.